पायाखालची साय : आइसलंडच्या ऊन जमिनीवरून चालताना

आइसलंडच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात लांडमन्नालॉयगर नावाचा मुक्काम आहे. तिथून निघालेली पायवाट काळ्या लाव्ह्याच्या दगडांतून वर चढते आणि तासाभरात वाफेच्या झोतांजवळ येते. दहा-बारा जणांच्या गटापुढे चालणारा वाटाड्या इथं थांबतो आणि सांगतो : आता एकामागे एक. माझं पाऊल पडेल तिथंच तुमचं. फोटोसाठी कुणीही बाजूला जायचं नाही.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना ही सूचना नवी नाही, पण आपण ती ऐकतो कड्यावर, निसटत्या घसाऱ्यावर, एका बाजूला दरी असताना. इथं दरी नसते. समोर सपाट, पांढुरकी, वाळलेली माती असते आणि त्यातून थोडी वाफ येत असते. एवढ्या साध्या दिसणाऱ्या जमिनीवर इतकी शिस्त कशासाठी, हे कळलं की बाकीचा सगळा प्रवास उलगडतो. या चार दिवसांच्या वाटेवर वाटाड्या जे जे सांगतो त्याचं कारण जमिनीच्या खाली असतं. म्हणून आधी खालीच बघू.

पृथ्वीत जसजसं खोल जावं तशी उष्णता वाढते. साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस. आपल्या कोकणातल्या ऊन पाण्याच्या झऱ्यांमागे मुख्यतः एवढंच गणित आहे. पावसाचं पाणी खडकातल्या भेगांमधून खूप खोल उतरतं, तिथं तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं. वज्रेश्वरी, गणेशपुरी, तुरळ, राजापूर अशी ही झऱ्यांची रांग किनाऱ्याला समांतर जाते. त्यांच्याखाली ज्वालामुखीची भट्टी पेटलेली नाही. सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो केव्हाच निवला.

आइसलंडची गोष्ट वेगळी. उत्तर अमेरिकेचा भूपट्ट आणि युरेशियाचा भूपट्ट या बेटाच्या खालीच एकमेकांपासून दूर सरकताहेत, वर्षाला सुमारे दोन सेंटीमीटर. हाताची नखं वाढतात त्याहून कमी वेगानं म्हणा. जी फट पडते ती खालून येणारा शिलारस भरून काढतो. शिवाय याच जागी खोलवरून जास्तीचा तप्त खडक वर येत असतो, त्यामुळे इथं शिलारस इतर समुद्रतळापेक्षा कितीतरी अधिक. म्हणून तर अटलांटिकच्या मधोमध पाण्यावर आलेलं एवढं मोठं बेट आहे. तिथं उष्णतेसाठी पाण्याला फार खोल जावं लागत नाही. आइसलंडमध्ये ऊन जागांचे दोन वर्ग करतात : एक किलोमीटर खोलीवर २००च्या वर तापमान असेल तर ‘उच्च तापमानाचं क्षेत्र’, १५०च्या खाली असेल तर ‘कमी तापमानाचं’. आपली वाट पहिल्या प्रकारातून जाते. तोर्फायोकुल नावाच्या ज्वालामुखीचं हे खोरं, म्हणजे उद्रेकानंतर खचलेला प्रचंड खळगा, सुमारे १८ किलोमीटर लांब आणि १२ किलोमीटर रुंद आहे. आपण ज्वालामुखी ‘बघायला’ जातो असं म्हणतो, पण इथं पहिले दोन दिवस आपण त्याच्या पोटातूनच चालत असतो.

आता पाण्याकडे येऊ. सगळी गंमत आणि सगळा धोका तिथंच आहे.

समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं, उंचीवर त्याहून आधी. हजार मीटरवर साधारण ९७ला. राजगडावर चहा उकळला तरी डाळ मात्र शिजता शिजत नाही, त्यातही याचा थोडा हात असतो. कुकरमध्ये उलटं होतं : दाब वाढला की उकळण्याचं तापमान वाढतं. जमिनीखालच्या पाण्यावर वरच्या सगळ्या पाण्याचा दाब असतो. शंभर मीटर खोलीवर तो इतका होतो की पाणी सुमारे १८० अंशांपर्यंत तापूनही उकळत नाही, पाणीच राहतं. हे पाणी भेगेतून वर यायला लागलं की दाब उतरत जातो, आणि एका टप्प्यावर ते थांबूच शकत नाही, त्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती उघड्या हवेत मूळच्या सोळाशे पटींहून जास्त जागा घेते. कुकरची शिट्टी होते ती याच जोरानं. आपल्या वाटेवरच्या ब्रेन्निस्टेन्सआल्दा डोंगराच्या कुशीत जो सुस्कारा ऐकू येतो, तोही त्याच जोराचा.

या वाफेबरोबर खालचे वायू येतात. त्यातला एक हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्यांच्या वासाचा. दिवाळीत लवंगी फुटल्यावर जो गंधकाचा वास येतो त्याच घराण्यातला, पण अधिक ओला, घशाशी बसणारा. हा वायू वरच्या थरात हवेला आणि पाण्याला भेटला की त्यातून गंधकाम्ल तयार होतं. आणि हे आम्ल खडक खातं. शब्दशः. टणक खडकातले घटक विरघळतात आणि मागे उरते मऊ, चिकट, पांढुरकी-करडी माती.

म्हणजे वाफेच्या तोंडाभोवतीची जमीन मूळची जमीन राहिलेलीच नसते. ती शिजलेली, कुजलेली, आतून भुसभुशीत झालेली असते. वरचा थर उन्हावाऱ्यानं वाळतो, घट्ट दिसतो. त्याखाली काय, तर उकळतं पाणी, कढत चिखल किंवा नुसती वाफेनं भरलेली पोकळी. तापलेल्या दुधावर साय धरते तसा हा प्रकार. सायीवर माशी बसू शकते, चमचा ठेवला की तो बुडतो. जमिनीची ही साय कुठं हाताएवढी जाड असते आणि कुठं बोटाएवढी, हे वरून बघून कुणालाही सांगता येत नाही. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात आजवर वीसहून अधिक माणसं अशा ऊन पाण्यात भाजून दगावली आहेत. त्यात लाकडी वाट सोडून बाजूला गेलेलेही होते.

तर ‘माझं पाऊल पडेल तिथंच’ याचा अर्थ हा. रोवलेल्या खुंट्यांच्या रेषेनं गेलेली वाट आजवर हजारो पायांनी तपासून झालेली आहे. तिच्या बाजूची दोन फूट जमीन कुणीही तपासलेली नाही. आणि ही जागा स्थिर नसते : एक भेग गाळानं बुजली की वाफ दुसरीकडून वाट काढते. मागच्या वर्षीची थंड माती या वर्षी ऊन असू शकते. वाटाड्याला दर हंगामात ही जमीन नव्यानं ओळखावी लागते. तो हातातल्या काठीनं पुढची माती टोचतो, आवाज ऐकतो. पोकळ जागेवर आवाज बदलतो. गवत कुठं अचानक संपलंय, दव कुठं पडलेलं नाही, बर्फ कुठं वितळलाय, हे सगळे त्याच्या वाचनातले शब्द आहेत.

गट लहान ठेवण्याचं कारणही यातच आहे. तीस माणसांची रांग असली तर शेवटच्या माणसाला वाटाड्याचं पाऊल दिसतच नाही. त्याला दिसते पुढच्याची पाठ. दहा-बाराजणांत पहिल्याचा शब्द शेवटपर्यंत पोचतो, आणि कोण दमलंय, कोण मागे रेंगाळतंय हे मान वळवून दिसतं. लहान गट म्हणजे महागडी हौस, असं पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही. या जमिनीवर तो सुरक्षेचा हिशोब आहे.

इथल्या चिखलाच्या कुंडांबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण ती पाहिली की लोक हरखून जवळ जातात. खालून भरपूर पाणी येत असेल तर झरा स्वच्छ, निळसर, वाहता होतो. पाणी कमी आणि वाफ जास्त असेल तर आम्लानं खाल्लेली माती वाहून जात नाही, तिथंच घोटत बसते. मग ती पिठल्यासारखी रटरटते. बुडबुडा फुगतो, फुटतो, शिंतोडे उडतात. पाऊस झाल्यावर हेच कुंड पातळ होतं आणि कोरड्या आठवड्यात घट्ट. घट्ट पिठलं जास्त दूरवर उडतं हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणालाही माहीत आहे. इथंही नियम तोच, म्हणून कोरड्या दिवसांत अंतर जास्त ठेवायचं.

वाऱ्याचं भानही ठेवावं लागतं. हायड्रोजन सल्फाइडची एक दगाबाज सवय आहे : प्रमाण फार वाढलं की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं. ‘वास गेला, म्हणजे वायू गेला’ ही समजूत घातक ठरू शकते. त्याच्या जोडीला कार्बन डायऑक्साइड असतो, त्याला वास नाही, आणि तो हवेपेक्षा जड असल्यानं खळग्यात साचतो. उघड्या डोंगरावर वारा वाहत असताना याची भीती जवळपास नाही. पण वारा पडलेला असताना, ऊबदार आहे म्हणून वाफेजवळच्या खोलगट जागेत डबा उघडून बसायचं नाही. वाटाड्या जेवणाची जागा उंचवट्यावर, वाऱ्यात निवडतो, आणि सगळे कुडकुडत खातात, ते यासाठी.

आता रंग. या भागाची छायाचित्रं पाहून लोकांना वाटतं की ती संगणकावर रंगवलेली आहेत. तसं नाही. काळ्याभोर बसाल्टच्या देशात तोर्फायोकुलचा परिसर हा रायोलाइट नावाच्या फिक्या खडकाचा आहे. बसाल्टमध्ये सिलिका (वाळूतला मुख्य घटक) साधारण ५० टक्के, रायोलाइटमध्ये ७०च्या आसपास किंवा जास्त. सिलिका वाढली की लाव्हा घट्ट होतो. फरक पाकासारखा समजा. एकतारी पाक ताटात ओतला की चटकन पसरतो, तसा बसाल्टचा लाव्हा मैलोन्‌मैल वाहतो. सह्याद्रीच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या कड्यांमध्ये त्याचेच थर दिसतात. रायोलाइटचा लाव्हा म्हणजे चिक्कीचा पाक : घट्ट, रेंगाळणारा, ढिगानं साचणारा. (आपल्याकडे मुंबईच्या वायव्येला गोराई-उत्तनच्या बाजूलाही रायोलाइट आहे, पण तो झाडीत आणि वस्तीत झाकलेला.) या फिक्या खडकावर आम्ल आणि वाफ यांनी हजारो वर्षं काम केलं की रंग उतरतात : लोह गंजलं की तांबडा नि गेरूसारखा, गंधक साचलं की पिवळा, लोह आणि गंधक एकत्र बसले की निळसर करडा, नुसती माती उरली की पांढरा. हिरवं दिसतं ते बहुतेक शेवाळ. ‘ब्रेन्निस्टेन’ म्हणजे जळणारा दगड, अर्थात गंधक. ‘आल्दा’ म्हणजे लाट. ८५५ मीटर उंचीचा तो डोंगर खरोखरच गंधकाची लाट दिसतो.

नावांचा विषय निघाला आहे तर थोडं थांबू, कारण आइसलंडची नावं वाटाड्याइतकीच उपयोगी आहेत. ‘लॉयग’ म्हणजे न्हाण्याजोगं ऊन पाणी, ‘क्वेर’ म्हणजे उकळता झरा, ‘रेक’ म्हणजे धूर किंवा वाफ, ‘ह्रॉयन’ म्हणजे लाव्ह्याचं रान, ‘क्विस्ल’ म्हणजे नदीची फाटा फुटलेली शाखा. नकाशात ‘लॉयग’ दिसलं तर पाय बुडवा, ‘क्वेर’ दिसलं तर लांब राहा. आपल्या वाटेचं नावच लॉयगावेगुर, ऊन पाण्याची वाट. राजधानी रेक्याविकमधल्या मुख्य बाजाररस्त्याचंही हेच नाव आहे, कारण त्या रस्त्यानं बायका ऊन झऱ्यांवर धुणं घेऊन जात. आपल्याकडे पालीजवळचं उन्हेरे आणि दापोली-खेडकडचं उन्हवरे ही गावं आठवा. तिथंही ‘ऊन’ नावातच आहे. पाणी कढत आहे ही खबर माणसांनी दोन्हीकडे सारख्याच रीतीनं जपली आहे, आणि हे मला फार मोलाचं वाटतं.

लांडमन्नालॉयगरचं न्हाणं कसं घडतं हेही पाहण्यासारखं आहे. लॉयगाह्रॉयन नावाच्या लाव्ह्याच्या कडेखालून कढत पाणी निघतं आणि थंड ओढ्याला मिळतं. दोन्ही मिसळून अंगाला सोसेल असं पाणी तयार होतं. शरद ऋतूत डोंगरावरच्या मेंढ्या गोळा करायला येणारे शेतकरी इथं शतकानुशतकं न्हात आले. हा लाव्हा १४७७ सालचा. त्या वर्षी ईशान्येकडून जमिनीखालच्या फटीतून आलेला बसाल्टचा शिलारस तोर्फायोकुलच्या खाली निवांत पडलेल्या रायोलाइटच्या शिलारसात घुसला, आणि एकाच उद्रेकमालेत दोन्ही जातींचा लाव्हा बाहेर आला. तेव्हापासून तोर्फायोकुल शांत आहे. त्याआधी सहा शतकं, इसवी सन ८७०च्या दशकात, असंच घडलं होतं. तेव्हाची राख बेटाच्या मोठ्या भागावर पसरली. तिचा थर दुरंगी आहे, खाली फिका आणि वर गडद. नॉर्स, म्हणजे मुख्यतः नॉर्वेकडचे, लोक आइसलंडमध्ये वसायला आले तो हाच काळ. पुरातत्त्वाचे अभ्यासक खणताना हा दुरंगी पट्टा शोधतात : माणसांच्या वस्तीच्या खुणा जवळजवळ सगळ्या त्याच्या वर सापडतात. एका देशाच्या इतिहासाचं पहिलं पान त्याच ज्वालामुखीनं आखून ठेवलं आहे, ज्याच्या पोटातून आपण चाललो आहोत.

पहिल्या दिवसाची चाल १२ किलोमीटर, चढ पाचशे मीटरच्या आत. सह्याद्रीच्या हिशोबानं मध्यम. राजमाची किंवा हरिश्चंद्रगड करणाऱ्याच्या पायांना जड जाऊ नये. पण आकड्यांवर जाऊ नका. वर ह्राफ्नतिन्नुस्केरच्या पठारावर, हजार मीटरच्या पुढे, भर जुलैतही बर्फ असतो, आणि ढग उतरले की पांढऱ्यात पांढरं मिसळतं. २००४ सालच्या जूनमध्ये एक २५ वर्षांचा तरुण एकटाच या वाटेनं निघाला, हिमवादळात सापडला आणि मुक्कामाच्या घरापासून सुमारे एक किलोमीटरवर दगावला. त्याच्या आठवणीत रचलेला दगडांचा ढीग वाटेवरच आहे. प्रत्येक गट तिथं थांबतो. वाटाड्या फार बोलत नाही. तिथून पुढे मात्र तो माणसं मोजत चालतो.

बर्फ आणि ऊन जमीन एकत्र आली की सायीचा प्रकार दुसऱ्यांदा भेटतो. खालची वाफ बर्फाला आतून पोखरते. वरून सलग पांढरा उतार, आतून कमान. उघड्या तोंडाच्या अशा बर्फाच्या गुहा निळ्या, सुंदर दिसतात, आणि त्यांचं छत कोणत्याही क्षणी खाली येऊ शकतं. आत जायचं नाही. यावर दोन मतं नाहीत. पठाराच्या अलीकडे स्तोरिक्वेर लागतो, ‘मोठा उकळता झरा’. बर्फाच्या मधोमध हिरव्याकंच शेवाळाची कड आणि त्यात खदखदणारं पाणी. इथलं शेवाळ फार सावकाश वाढतं. बुटाचा एक ठसा भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. वाट सोडू नका या सूचनेला इथं दुसरं कारण मिळतं, आणि ते पहिल्याइतकंच वजनदार आहे. हा सगळा भाग १९७९पासून राखीव आहे.

‘ह्राफ्नतिन्ना’ म्हणजे डोमकावळ्याची गारगोटी : ऑब्सिडियन, काळी नैसर्गिक काच. चिक्कीचा पाक गार फरशीवर ओतला की साखरेचे कण धरायला वेळच मिळत नाही, चकचकीत पत्रा तयार होतो. रायोलाइटचा लाव्हा झपाट्यानं थंड झाला की तेच होतं. मुक्कामाच्या घराभोवती ही काच ढिगानं पसरलेली आहे. रेक्याविकच्या राष्ट्रीय नाट्यगृहाच्या भिंतींना जो काळसर गिलावा आहे त्यात इथलीच काच कुटून घातली आहे. आज मात्र एक तुकडाही खिशात टाकायचा नाही. धारही जबर असते, हातमोजा काढून उचलून पाहणाऱ्यांची बोटं कापतात. मुक्कामाचं घर खालच्याच वाफेवर ऊबदार ठेवलेलं असतं. दिवसभर जिच्यापासून लांब राहायचं, रात्री तीच मोजे वाळवते.

तयारीबद्दल फार लांबण लावत नाही. हंगाम जूनअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. सुती कपडे घरी ठेवा. भिजलेलं सूत या वाऱ्यात अंगातली ऊब ओढून घेतं. पाऊस आपल्यासारखा वरून पडत नाही, आडवा येतो, त्यामुळे पोंचो निरुपयोगी, अंगासरशी बसणारं जलरोधक जॅकेट आणि विजार हवी. झोपायची पिशवी स्वतःची न्या. आणीबाणीचा क्रमांक ११२. उन्हाळ्यात बचाव पथकाचे स्वयंसेवक लांडमन्नालॉयगरला तळ देऊन असतात, पण डोंगरावर सगळीकडे फोन लागेल असं धरून चालू नका.

दुसऱ्या दिवशी पठार ओलांडून वाट योकुलतुंगुरच्या सोंडेवरून एकदम खाली उतरते. समोर आल्फ्तावात्नचं तळं, म्हणजे हंसांचं तळं, आणि त्याच्यापलीकडे हिरवे सुळके. मागे वळून पाहिलं तर वाफेचे शेवटचे झोत डोंगराच्या कडेला दिसतात. या उतारावर फिका खडक संपतो आणि आपल्या ओळखीचा काळा बसाल्ट सुरू होतो. गंधकाचा वासही हळूहळू विरतो. खाली पोचल्यावर पहिली नदी लागते. वाटाड्या बुटांच्या नाड्या सोडायला सांगतो, पाठपिशवीचा कमरेचा पट्टा मोकळा करायला सांगतो, म्हणजे पाय घसरलाच तर ओझं झटकून टाकता येईल. नदी ओलांडायला तो अरुंद जागा निवडत नाही. पाणी जिथं पसरट आणि फाटे फुटलेलं आहे तिथं ते उथळ असतं. मग तिघे-तिघे हातात हात अडकवून, तोंड प्रवाहाकडे करून, तिरपे सरकत पलीकडे जातात. पाणी बर्फाचं, नुकतंच वितळलेलं. पलीकडच्या काठावर सगळे जमिनीवर बसून तळवे चोळतात, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच कुणी आधी हात लावून ती जमीन ऊन आहे का ते पाहत नाही.